ट्रॅक्टर वळतो त्या गणिताला अ‍ॅकरमनचं नाव आहे, पण हा गडी चित्रं आणि पुस्तकं विकायचा

द्राक्षबागेत दोन ओळींच्या मधून चालणारा छोटा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. ओळ संपली की ड्रायव्हर स्टिअरिंग पूर्ण फिरवतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळल्यासारखा पुढच्या ओळीत शिरतो. पुढच्या वेळी असा ट्रॅक्टर वळताना दिसला की त्याच्या पुढच्या दोन चाकांकडे नीट बघा. दोन्ही चाकं सारखी वळलेली नसतात. आतल्या बाजूचं चाक जास्त वळलेलं असतं, बाहेरचं कमी.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी वाकलंय. पण वाकलेलं काहीच नसतं, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. हे काम ज्या सळईमुळे होतं तिला म्हणतात टाय रॉड. आणि हे गणित म्हणजे अ‍ॅकरमन स्टिअरिंग. डिप्लोमा किंवा मेकॅनिकल केलेल्या प्रत्येकानं हे नाव परीक्षेत लिहिलेलं असतं.

आता नाव ऐकून वाटतं की अ‍ॅकरमन हा कुणीतरी मोठा इंजिनियर असणार. पण तसं नाही. रुडॉल्फ अ‍ॅकरमन हा लंडनमधला चित्रं, रंग आणि पुस्तकं विकणारा दुकानदार होता. स्टिअरिंगची ही आयडिया त्याची नव्हती. त्याच्या आधी अजून एकाला ती सुचली होती. मग नाव याचंच का लागलं? त्यासाठी त्याची सगळी गोष्ट बघावी लागते.

खोगीर बनवणाऱ्याचा पोरगा

रुडॉल्फचा जन्म २० एप्रिल १७६४ चा. जर्मनीतल्या सॅक्सनी भागातला. वडील घोड्यांची खोगिरं बनवायचे. पोरगं हुशार होतं, लॅटिन शाळेत शिकत होतं, पुढे विद्यापीठात जायची इच्छा होती. पण घरात तेवढा पैसा नव्हता. शेवटी शाळा सुटली आणि रुडॉल्फ बापाच्याच धंद्याला लागला.

खोगिरांचं काम करता करता तो घोडागाड्यांच्या कामात शिरला. त्या काळात चांगली घोडागाडी म्हणजे आजच्या महागड्या गाडीसारखी गोष्ट होती. तिचा सांगाडा, गाद्या, रंग, नक्षी हे सगळं आधी कागदावर काढावं लागायचं. रुडॉल्फचा हात चित्रात चांगला होता, म्हणून तो गाड्यांची डिझाइन काढायला लागला. ड्रेस्डेन, बासेल, पॅरिस असं करत करत वयाच्या तेविसाव्या वर्षी तो लंडनला पोचला.

लंडनमध्ये लाँग एकर नावाचा रस्ता होता. घोडागाड्या बनवणाऱ्यांची सगळी दुकानं तिथं. अ‍ॅकरमननं तिथंच बस्तान बसवलं. परका देश, परकी भाषा, पण कागदावरची गाडी बघून गिऱ्हाईक खूश व्हायचं. थोड्याच वर्षांत आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च इंग्रज अधिकाऱ्याच्या, समारंभाच्या गाडीचं डिझाइन करायचं काम त्याला मिळालं. १७९१ मध्ये त्यानं फॅशनेबल गाड्यांच्या चित्रांचं एक पुस्तकच काढलं.

आणि इथंच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. गाडी एकदाच विकली जाते, पण गाडीचं चित्र शेकडो वेळा विकता येतं.

गाड्या सोडल्या आणि चित्रांचं दुकान टाकलं

१७९५ मध्ये अ‍ॅकरमननं लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर ९६ नंबरला चित्रांचं दुकान आणि चित्रकलेची शाळा सुरू केली. तीन वर्षांत जागा अपुरी पडायला लागली म्हणून तो जवळच १०१ नंबरला गेला. दुकानाचं नाव रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स. तिथं छापील चित्रं मिळायची, चित्रकारांसाठी रंग आणि जाड कागद मिळायचा, शोभेच्या वस्तू मिळायच्या. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पळून लंडनला आलेल्या कितीतरी फ्रेंच लोकांना त्यानं याच शोभेच्या वस्तू बनवायचं काम दिलं. स्वतः परदेशातून रिकाम्या हातानं आलेला होता, त्यामुळे त्या लोकांची अडचण त्याला कळत असणार.

हा माणूस एका जागी थांबणारा नव्हता. १८०१ मध्ये त्यानं कागद आणि कापड वॉटरप्रूफ करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि चेल्सीमध्ये त्याचा कारखाना टाकला. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत अ‍ॅडमिरल नेल्सन मारला गेला, तेव्हा त्याची अंत्ययात्रा ज्या गाडीवरून निघाली तिच्या कामात अ‍ॅकरमनचा हात होता. दुकानात गॅसचे दिवे लावणाऱ्या लंडनच्या अगदी पहिल्या काही दुकानदारांत त्याचा नंबर लागतो.

पण त्याचं खरं नाव झालं ते पुस्तकांमुळे. १८०८ ते १८१० या काळात त्यानं लंडन शहरावर तीन खंडांचं एक पुस्तक काढलं. त्यात १०४ रंगीत चित्रं होती. इमारती ऑगस्टस प्यूजिननं काढल्या आणि माणसं थॉमस रोलँडसननं. छापलेल्या प्रत्येक चित्रात नंतर हातानं रंग भरले जायचे. १८०९ पासून त्यानं एक मासिक सुरू केलं. त्यात फॅशन, घरातलं फर्निचर, कला, नवीन शोध असं सगळं असायचं. सुरुवातीच्या अंकांत तर खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले असायचे, म्हणजे वाचणाऱ्याला हात लावून कापड बघता यायचं. हे मासिक १८२८ पर्यंत चाललं.

१८२२ च्या शेवटी त्यानं इंग्लंडमधला पहिला साहित्यिक वार्षिकांक बाजारात आणला. कथा, कविता आणि चित्रं असलेलं, सणाला भेट द्यायचं देखणं पुस्तक. आपल्याकडच्या दिवाळी अंकासारखाच प्रकार.

महाराष्ट्राशीही त्याचा एक धागा जुळतो. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले नावाचा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला कॅप्टन होता. पश्चिम भारतातल्या निसर्गाची, वास्तूंची आणि माणसांची चित्रं असलेला त्याचा एक मोठा ग्रंथ आहे. मुंबई, दौलताबाद, वेरूळ असं सगळं त्यात दिसतं. हा ग्रंथ १८२६ मध्ये भागाभागानं यायला लागला, तेव्हा सुरुवातीचे भाग अ‍ॅकरमनच्या दुकानातून निघाले. याच ग्रिंडलेचं नाव पुढे ग्रिंडलेज बँकेमुळे भारतात घरोघरी पोचलं.

अजून एक गोष्ट. दगडावरून छापायची पद्धत, म्हणजे लिथोग्राफी, जर्मनीत आलॉइस सेनेफेल्डरनं शोधली होती. ती इंग्लंडमध्ये रुजवणाऱ्यांत अ‍ॅकरमन पुढे होता. सेनेफेल्डरचं पुस्तक त्यानं १८१९ मध्ये इंग्रजीत आणलं. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात शिळाछापावर निघालेल्या मराठी पोथ्या आहेत ना, ते हेच तंत्र.

इथं अ‍ॅकरमनचा स्वभाव कळतो. दुसऱ्या कुणीतरी लावलेला चांगला शोध हेरायचा, तो आपल्या बाजारात आणायचा, त्याची चित्रं छापायची आणि लोकांना समजावून सांगायचा. स्टिअरिंगच्या बाबतीत त्यानं नेमकं हेच केलं.

म्युनिकहून आलेली आयडिया

जर्मनीत म्युनिकला गेऑर्ग लांकेनस्पेर्गर नावाचा कारागीर होता. बव्हेरियाच्या राजाच्या घोडागाड्या तो बनवायचा. त्याला एक अडचण सतावत होती, ती म्हणजे चार चाकांची गाडी वळवायची कशी.

आपल्या बैलगाडीला ही अडचण येत नाही, कारण तिला दोनच चाकं. चार चाकं आली की प्रश्न सुरू होतो. त्या काळात पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्याभोवती फिरायचा. हा प्रकार आजही बघायचा असेल तर ऊस वाहणारी चार चाकी ट्रॉली बघा. वळताना तिची पुढची दोन्ही चाकं आसासकट फिरतात. कमी वेगात ट्रॅक्टरच्या मागे ओढायला ते चालतं.

पण घोडागाडीत त्याचे दोन तोटे होते. आस जास्त फिरला की एक चाक गाडीच्या पोटाखाली जायचं. म्हणजे गाडीला ज्या चार बिंदूंचा आधार असतो, त्यातला एक आत सरकायचा आणि वळणावर गाडी कलंडायची भीती वाढायची. दुसरं म्हणजे चाक पोटाखाली जायला जागा हवी, म्हणून पुढची चाकं लहान ठेवावी लागायची किंवा गाडी उंच करावी लागायची. उंच गाडी म्हणजे परत उलटायची भीती.

लांकेनस्पेर्गरनं आस जागेवर पक्का ठेवला. फक्त त्याच्या दोन टोकांना दोन छोटे खिळे दिले आणि प्रत्येक चाक आपापल्या खिळ्याभोवती फिरेल असं केलं. आज मेकॅनिक ज्याला किंगपिन म्हणतात तो हाच खिळा. आता दोन चाकं वेगवेगळी फिरायला लागली, तर ती एकमेकांच्या मेळात कशी ठेवायची? त्यासाठी दोघांना जोडणारा दांडा लावला. आपल्या टाय रॉडचा हाच पूर्वज.

१८१६ च्या सुमारास त्यानं हे काम केलं. पण इंग्लंडमध्ये हक्क मिळवायचा तर तिथं कुणीतरी आपला माणूस हवा. तो माणूस म्हणजे अ‍ॅकरमन. जर्मन भाषा येणारा, घोडागाड्यांच्या धंद्यातून वर आलेला आणि लंडनमध्ये नाव असलेला. १८१८ मध्ये अ‍ॅकरमननं लांकेनस्पेर्गरचा एजंट म्हणून इंग्लंडमध्ये हे पेटंट घेतलं. कागदावर नाव लागलं ते अ‍ॅकरमनचं.

पुढच्याच वर्षी त्यानं या फिरत्या आसावर चित्रांसकट एक पुस्तिका छापली. लंडनच्या गाडीवाल्यांना ही गोष्ट पटावी म्हणून त्यानं बराच जोर लावला. पण ती चालली नाही. घोडागाडीत पुढचा आस फिरवायचं काम घोडाच करतो, त्यामुळे गाडी हाकणाऱ्याला जुन्या पद्धतीचा त्रास जाणवत नव्हता. नव्या पद्धतीत सांधे जास्त, म्हणजे झिजणाऱ्या जागा जास्त आणि खर्चही जास्त. चालू धंदा कोण बदलणार?

त्याच्याही ६० वर्षं आधी एक डॉक्टर

गोष्ट इथं अजून एक वळण घेते. इरॅस्मस डार्विन नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता. उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचा हा आजोबा. पेशंट बघायला त्याला घोडागाडीतून गावोगाव फिरावं लागायचं. रस्ते खराब, गाड्या उलटायच्या. १७५८-५९ च्या सुमारास त्यानं स्वतःच्या गाडीसाठी हाच विचार केला, की आस पक्का ठेवायचा आणि दोन्ही चाकं आपापल्या खिळ्यावर फिरवायची.

पण त्यानं पेटंट घेतलं नाही. गाडी बनवणारा म्हणून नाव व्हायला नको, डॉक्टरकीवर परिणाम होईल, असं त्याला वाटत असल्याचं अभ्यासक सांगतात. त्यामुळे आयडिया त्याच्या गाडीपुरतीच राहिली. गंमत म्हणजे १७६८ मध्ये गाडीतून पडूनच त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि तो पुढे लंगडतच चालला. १८०२ मध्ये तो वारला. लांकेनस्पेर्गरनं नंतर स्वतंत्रपणे तोच रस्ता शोधला.

म्हणजे हिशोब असा झाला. आधी सुचलं डार्विनला, बाजारात आणण्याजोगं बनवलं लांकेनस्पेर्गरनं आणि नाव लागलं अ‍ॅकरमनचं.

शेवटची वर्षं

अ‍ॅकरमनला स्टिअरिंगमधून मोठा पैसा मिळाला नाही, पण त्याची बाकीची धावपळ चालूच होती. १८१३ मध्ये लाइपझिगला नेपोलियनविरुद्ध मोठी लढाई झाली आणि त्यात सॅक्सनीतली गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. आपल्या जन्मभूमीतल्या लोकांसाठी त्यानं लंडनमध्ये मोठी मदत गोळा केली आणि ती तिथं पोचवायची व्यवस्था लावली. १८२० च्या दशकात लॅटिन अमेरिकेतले देश स्पेनपासून मोकळे झाले, तेव्हा त्यांच्यासाठी त्यानं स्पॅनिशमध्ये पुस्तकं छापली. मेक्सिकोसह तिकडच्या काही देशांत शाखाही काढल्या.

१८३० मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर तो पुन्हा कामात पूर्वीसारखा उभा राहू शकला नाही. ३० मार्च १८३४ ला लंडनजवळ फिंचलीला त्याचं निधन झालं. त्यानं स्टिअरिंगचं पेटंट घेतल्याला तेव्हा १६ वर्षं झाली होती आणि रस्त्यावर बहुतेक गाड्या जुन्याच पद्धतीनं वळत होत्या.

घोडा गेला आणि अ‍ॅकरमन आला

मग ही गोष्ट परत कधी वर आली? घोड्याच्या जागी इंजिन आल्यावर.

गाडीपुढे घोडा नसला की पुढची चाकं माणसाला हातानं वळवावी लागतात. अख्खा आस एका खिळ्यावर फिरत असेल तर एका चाकाला दगड लागला तरी पूर्ण आस झटक्यात फिरतो आणि ड्रायव्हरच्या हाताला हिसका बसतो. प्रत्येक चाक आपल्या शेजारच्याच खिळ्यावर फिरत असेल तर हिसका बराच कमी होतो.

१८७३ मध्ये फ्रान्समध्ये आमेदे बोले यानं वाफेवर चालणारी गाडी बनवली, तिची पुढची चाकं अशीच वेगवेगळी फिरायची. कार्ल बेंझनं १८८६ मध्ये पहिली मोटारगाडी आणली ती तीन चाकांची होती, कारण चार चाकं नीट वळवायचं कोडं त्याला तेव्हा सुटलेलं नव्हतं. १८९३ मध्ये त्यानं दोन खिळ्यांच्या स्टिअरिंगचं पेटंट घेतलं आणि चार चाकांची गाडी काढली. त्यानंतर मोटारी असोत की ट्रॅक्टर, सगळे याच वाटेनं गेले.

गणित आहे तरी काय?

वळताना गाडीची चारही चाकं जमिनीवर वर्तुळं काढतात. आतल्या चाकाचं वर्तुळ लहान, बाहेरच्याचं मोठं. चारही वर्तुळांचा मध्य एकच असेल तर चाकं नीट गडगडत जातात. मध्य वेगवेगळे असतील तर एखादं चाक घासत, फरफटत जातं.

एक उदाहरण घेऊ. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या आसांत दीड मीटर अंतर आहे, चाकांमध्ये एक मीटर अंतर आहे आणि मागच्या आसाचा मध्य तीन मीटर त्रिज्येनं वळतोय. मग पुढचं आतलं चाक साधारण ३१ अंशांत वळायला हवं आणि बाहेरचं साधारण २३ अंशांत. म्हणजे ८ अंशांचा फरक. तेवढा फरक नसेल तर दर वळणाला टायर घासणार.

हा फरक आणायची युक्ती साधी आहे. दोन्ही चाकांच्या खिळ्यांना जोडलेले छोटे हात सरळ मागे न ठेवता थोडे आत कललेले ठेवायचे. हे दोन हात मागे वाढवले तर मागच्या आसाच्या मध्याजवळ एकमेकांना भेटले पाहिजेत. ही रीत पुढे फ्रान्सच्या शार्ल जाँतो याच्या नावाशी जोडली गेली. टाय रॉड या दोन हातांची टोकं जोडतो आणि बाकीचा हिशोब आपोआप होतो. पण हा हिशोब पूर्ण जुळतो असं नाही, काही कोनांत थोडी चूक राहतेच. शेताच्या वेगात ती चालून जाते.

म्हणून रॉड बदलताना एवढं बघा

हे गणित कळलं की टाय रॉडला नुसती सळई का म्हणता येत नाही ते लक्षात येतं. तिची लांबी थोडी जरी चुकली तरी दोन्ही चाकं सरळ असतानासुद्धा एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून लांब तोंड करतात. टायर एका बाजूनं झिजतो, स्टिअरिंग जड होतं, ट्रॅक्टर एकीकडे ओढतो.

जुना रॉड काढण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांच्या बॉल जॉइंटच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी मोजून ठेवा. बऱ्याच रॉडच्या एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे. त्यामुळे टोकं न काढता नुसता मधला रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त होते. लांबी जुळली की दोन्हीकडचे चेकनट घट्ट करायचे. नट अडवणारी स्प्लिट पिन जुनी परत न वापरता नवीन घालायची.

मग स्टिअरिंग मध्यावर ठेवून पुढच्या दोन टायरमधलं अंतर आसाच्या उंचीवर समोरून आणि मागून मोजा. समोरचं अंतर काही मिलिमीटर कमी असतं, त्याला टो-इन म्हणतात. नेमकं किती, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

बागेत चालणाऱ्या लहान ट्रॅक्टरचा तयार रॉड मिळाला नाही तर काहीजण लेथवाल्याकडून बनवून घेतात. तेव्हा आटे टोकाच्या आत पुरेसे गेले पाहिजेत, निदान बोल्टच्या जाडीइतके तरी. जॉइंट पूर्ण वळणात कुठंही अडकायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाकांचे ते कललेले हात ठोकून सरळ करायचे नाहीत, की सोयीसाठी त्यांना नवीन भोक पाडायचं नाही. त्या कलण्यातच सगळं गणित आहे.

वाकलेला रॉड तापवून सरळ करणं किंवा तुटलेला वेल्डिंग करून घालणंही टाळा. रस्त्यावर ट्रॉली ओढताना हा सांधा निसटला तर एक चाक एकीकडे, दुसरं दुसरीकडे जाईल आणि स्टिअरिंग हातात असून काही उपयोग होणार नाही.

मग नाव कुणाचं खरं?

डार्विननं आयडिया स्वतःपुरती ठेवली. लांकेनस्पेर्गरचं काम म्युनिकच्या राजवाड्यापुरतं राहिलं असतं. अ‍ॅकरमननं ते छापलं, त्याचं चित्र काढलं, पेटंट केलं आणि चालत नसतानाही लोकांना दाखवत राहिला. शोध त्याचा नव्हता, पण तो कुठं शोधायचा ते पुढच्या लोकांना त्याच्या कागदांमुळे कळलं.

तरीही परीक्षेत अ‍ॅकरमन स्टिअरिंगवर उत्तर लिहिताना एक ओळ लांकेनस्पेर्गरसाठी लिहायला हरकत नाही. मार्क मिळतील की नाही माहीत नाही, पण ती ओळ खरी असेल.